तांदळात लिहिलेलं नाव

माझी माझ्या सुनेबद्दल एकच तक्रार आहे. ती भांडत नाही.

हसू नका. ज्यांच्या घरी सून भांडते त्यांना माझं दुखणं कळायचं नाही. सकाळी विचारावं, "उज्वला, वांगं करावं का भेंडी?" तर म्हणते, "कायबी चालतंय, आत्या." पुरणात गूळ कमी पडला का म्हणून विचारावं, तर, "चालतंय की, आत्या." एकदा मी मुद्दाम, निव्वळ परीक्षा म्हणून, तिच्या चहात मीठ घातलं. प्याली. कप धुऊन पालथा घातला. "कसा झाल्ता?" मी विचारलं. "छान झाल्ता." आता अशा माणसाबरोबर सासूपणा करायचा तरी कसा? आमच्या लोहा गावात चार गल्ल्यांना माझा आवाज पाठ आहे. भाजीवाला माझ्या दारात यायच्या आधी कोपऱ्यावरच काटा सरळ करून घेतो. आणि माझ्याच घरात अशी सून, जिला खिडकीत बसलेल्या मांजरालासुद्धा 'हट' म्हणायचा संकोच वाटतो.

बरं, अडाणी असती तर मी समजू शकले असते. बीएस्सी, बीएड आहे. माहेर लातूरचं. नातू शिवम शाळेत जायला लागला तेव्हा मीच म्हणलं, "आता नोकरी कर." ह्यावरही ती "चालतंय" म्हणाली. नांदेडच्या एका इंग्रजी शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा निघाली होती. मी स्वतः तिला घेऊन गेले. ती आत, मी बाहेर बाकावर. दार उघडंच होतं. प्रिन्सिपल बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्याबद्दल काहीतरी सांगा."

उज्वलानं लई वेळ विचार केला आणि म्हणाली, "सांगण्यासारखं काही नाही, मॅडम."

मी बाकावर बसल्या बसल्या घामाघूम झाले. काही नाही? माझ्या घरची सून, आणि काही नाही? शेजारी आणखी तीन उमेदवार बाया बसल्या होत्या, त्यांच्यादेखत माझ्या घराण्याची अशी इज्जत निघाली. प्रिन्सिपल बाई भल्या होत्या, "कळवू" म्हणाल्या. 'कळवू' म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. माझ्या सत्यमच्या लग्नाच्या वेळी मी अकरा पोरींच्या बापांना 'कळवू' म्हणलं होतं.

परत येताना बसमध्येच मी ठरवलं, ह्या पोरीत काहीतरी भरायचं. काय भरायचं ते तेवढं माहीत नव्हतं.

न मागता सल्ला मिळायला आमच्या शेजारी शांतम्मा आहे. ती मूळची उदगीरकडची, आणि जगातल्या सगळ्या आजारांवर तिच्याकडे एकच औषध, दृष्ट काढणे. "अय्यो साखराबाई, पोरीला नजर लागली," म्हणाली आणि मूठभर मिरच्या चुलीत टाकल्या. दोन्ही घरं दुपारभर खोकत बसली. तिचा नवरा मन्मथअप्पा एसटीत कंडक्टर होता. आयुष्यभर लोकांना 'पुढं सरका' सांगितलं, रिटायर झाल्यापासून मोबाईलवर तसलीच भाषणं ऐकतो. त्यानं सांगितलं, रोज सकाळी आरशासमोर ताठ उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, मी वाघ आहे. एकवीस दिवसांत माणूस बदलतो. तिसऱ्या दिवशी मी दाराआड उभी राहून ऐकलं. पोरगी पदर सारखा करून आरशासमोर उभी होती. हळूच म्हणाली, "मी वाघ आहे." मग थोडं थांबून, "चालंल ना?"

आरशाला विचारत होती!

आमचे मालक शेषेराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ह्या घरात दुसऱ्या वाघाला जागा कुठं हाय?" त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही.

शेवटी सत्यमनं नांदेडच्या एका बाईंचं नाव आणलं. लुंबिनी मॅडम, विष्णुपुरीच्या रस्त्याला बसतात. "आई, गोळ्या-इंजेक्शन न्हाई. समुपदेशक हायत. बोलून बोलून माणसाला बरं करत्यात."

"बोलून? मग मी सहा वर्षं काय करून राहिले?"

तरी गेलो. खोली स्वच्छ, कोपऱ्यात कुंडी, टेबलावर नाक पुसायच्या कागदांचा डबा. म्हणजे इथं रडायची सोय आहे, हे मी बसायच्या आधी ओळखलं. मॅडम तरणीच होती, पण डोळे असे की समोरच्यानं आपोआप पदर सावरून बसावं. तिनं विचारलं, "उज्वलाताई, झोप कशी लागते?"

मी म्हणलं, "चांगली लागते. पडली की झोपते."

"जेवायला काय आवडतं तुम्हाला?"

"सगळं खाती ती. आमच्यात नखरे न्हाईत."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मला! जिनं बसच्या गर्दीत धक्के खात पोरीला इथवर आणली तिलाच बाहेर! तासभर मी आणि पाण्याचा जार एकमेकांकडे बघत बसलो. मध्येच आतून हुंदक्याचा आवाज आला. माझ्या घरात सहा वर्षांत ही पोरगी कधी रडली नव्हती, निदान मी तरी ऐकलं नव्हतं, आणि ह्या परक्या बाईसमोर पंधरा मिनिटांत? मला राग आला. कुणाचा ते अजून नीट सांगता येत नाही.

दोन खेपा अशाच झाल्या. मग मॅडमनी घरचा अभ्यास दिला. 'मी' पासून सुरू होणारी वीस वाक्यं लिहायची, स्वतःबद्दल. उज्वला वही घेऊन सैपाकघरात बसली, पेन्सिलीचं टोक चावत. मी म्हणलं, "आण, मीबी लिहिते. चौथीपर्यंत मीही बाकावरच बसले होते." भात शिजेपर्यंत माझी एकतीस वाक्यं झाली. मी खरं तेच बोलते. मी कुणाचं ऐकून घेत नाही. मी दहा माणसांची भाकर एकटी थापते. मी नवऱ्याला सुधरवलं. मी त्याला अजून सुधरवून राहिले. कागद संपला म्हणून थांबले, नाहीतर मी संपले नव्हते.

पुढच्या खेपेला मॅडमनी दोघींनाही आत घेतलं. उज्वलाची वही उघडून वाचायला लागल्या. "मी शेषेरावांची सून आहे. मी सत्यमची बायको आहे. मी शिवमची आई आहे. मी शांतम्मांची शेजारीण आहे." वीस वाक्यं भरायला पोरीनं कुठून कुठून माणसं गोळा करून आणली होती! एक वाक्य तर 'मी गल्लीतली शेवटून तिसरी आहे' असं होतं.

"नात्यांची आणि पत्त्याची वाक्यं आपण बाजूला ठेवू," मॅडम म्हणाल्या. "मग उरतं हे एक. मी उज्वला आहे. पण ह्याच्यावर तुम्ही रेघ मारलीय. का?"

उज्वलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणलं, "बोल की. मी काय खाते का तुला?"

"ते नाव माझं न्हाई," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक की मॅडम पुढं वाकल्या. "लग्नात आत्यांनी ठेवलंय. मी पुनम होते. आता पुनम म्हणून कुणी हाक मारत न्हाई. फोनवर आई मारती. पण तिलाबी आता आठवून मारावी लागती."

मग मॅडमनी माझा कागद हातात घेतला, पुढून वाचला, मागून वाचला. "मावशी, तुमच्याकडे मात्र भरपूर आहे. थोडं वाटून देता आलं असतं तर काम सोपं झालं असतं."

मी तो कागद परत घेतला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत कोंबला.

बसमध्ये मात्र माझं डोकं तापलेलं. नाव ठेवलं म्हणजे काय गुन्हा केला? आमच्यात नवी नवरी घरात आली की तिचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी पेढा खायचा. उज्वला हे नाव मी निवडलं होतं. महिनाभर विचार करून. त्या ताटातल्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी मी भात केला. म्हणजे नाव लिहिलं, मोडलं, आणि शिजवून पंगतीला वाढलं. तिनंही खाल्ला, मुकाट्यानं. तेव्हा मला काय ठाऊक, की ती काय गिळून राहिली?

आणि अशातच त्या शाळेचा फोन आला. ज्या बाईंना घेतलं होतं त्या पुण्याला निघून गेल्या. शुक्रवारी सगळी कागदपत्रं घेऊन या, पुन्हा बोलू. कागदपत्रं काढली तर तिथं हे निराळंच. मार्कमेमो, डिग्री, बीएड, सगळ्यावर पुनम, आणि आधार कार्डावर उज्वला. हे कुणी केलं? मीच. लग्न झाल्यावर गल्लीत शिबिर लागलं होतं, तिथं मी तिला हाताला धरून नेलं, वळखीच्या नगरसेवकाचं पत्र जोडलं आणि एका दुपारीत पोरीला कागदावर पुसून टाकलं. तेव्हा माझ्या कामाच्या झपाट्याचं सगळ्यांनी कौतुकही केलं होतं. आता शाळा म्हणते, ह्या दोघी एकच आहेत ह्याचा पुरावा आणा.

त्यासाठी आधी तिच्या जुन्या शाळेतून दाखल्याची नक्कल हवी होती. म्हणून मंगळवारी दोघी लातूरला गेलो. शाळेच्या फाटकावर एक म्हातारा शिपाई स्टुलावर बसला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि उठूनच उभा राहिला. "पुनम? माईकवाली पुनम?"

"हाव, चन्नबसप्पामामा!" माझी सून ओरडली. हो, ओरडली. "घंटा अजून पाच मिनटं आधीच वाजवता का?"

मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी बोललं का म्हणून. म्हातारा हसून हसून खोकायला लागला. मला म्हणाला, "आई, तुमची पोरगी लई बेजार करायची. प्रार्थनेनंतर माईकवर बातम्या वाचायची. एकदा मुख्याध्यापक काहीतरी चुकीचं बोलले, तर हिनं माईकवरच त्यांची चूक सांगितली. सगळी शाळा गप!"

"पोरगी न्हाई, सून हाय माझी," मी म्हणलं.

"सून? मग तुमचं घर लई गाजत असंल," तो म्हणाला.

दाखला मिळाला. ऑफिसातल्या बाई पुनम म्हणाल्या, वर्गाबाहेर आलेले एक जुने सर पुनम म्हणाले, आणि दर हाकेला ह्या पोरीची मान थोडी वर होत गेली. परतीच्या बसमध्ये ती माझ्याशी बोलत होती. प्रयोगशाळेत बेडूक सुटला ती गोष्ट, वादविवादात पहिला नंबर आला ती गोष्ट, हातवारे करून, मोठ्यानं. अहमदपूरपर्यंत बोलत होती. पुढं एकेक शब्द कमी होत गेला. लोह्याच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिनं पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "आत्या, भाजी काय करू?" त्या रस्त्यात कुठंतरी ती माईकवाली उतरून गेली होती आणि मी शेजारी बसून असूनही मला कळलं नव्हतं.

एवढं बघितलं, तरी माणसाची खोड जात नाही. बुधवारी लोह्यातल्याच तहसील कचेरीत गेलो. समोर खिडकीत कारकून, मागं वीसेक माणसं. कागदांची पिशवी माझ्या काखेत. कारकून म्हणाला, "दोन रस्ते हायत. आधार बदलून पुनम करा, न्हाईतर राजपत्रात छापून सगळीकडं उज्वला करा. एकदा कोणतं तरी पक्कं करा. पुन्हा पुन्हा बदलता यायचं न्हाई. काय लिहू?"

"उज्वला," मी म्हणलं. रेशनकार्डावर तेच, शिवमच्या जन्माच्या दाखल्यावर तेच, सगळ्या पाव्हण्यांच्या तोंडात तेच. त्यानं पेन टेकवला.

"न्हाई."

मला वाटलं, मागच्या रांगेतलं कुणी बोललं.

"न्हाई, आत्या. पुनम लिहा, साहेब."

कारकुनाचा पेन हवेत. "ताई, घरच्यांना विचारा एकदा."

"नाव माझं हाय. मला विचारा," माझी सून म्हणाली. माईकवर बोलावं असा आवाज. रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "सासूचं तोंड बघ, तोंड बघ."

माझं तोंड बघायला मी तिथं थांबलेच नाही. तरातरा निघाले ते घरी येऊन ओट्यावर बसले. शांतम्मा धावत आली. मी सगळं सांगितलं, की कसा चारचौघांत माझा पाणउतारा झाला, मी प्रेमानं दिलेलं नाव कसं तोंडावर फेकलं. ती म्हणाली, "माझं नाव नव्हतं बाई बदललं. पण चाळीस वर्षं मालक मला 'ए' म्हणतो. नाव असून तरी काय उपेग झाला?" आणि मिरच्या आणायला उठली.

एकटी बसले तेव्हा मला माझं नाव आठवलं. माझ्या आईची आधीची तीन लेकरं गेली होती. मी जगावी, मरणाचं लक्ष माझ्याकडे जाऊ नये, म्हणून तिनं मला दगडा म्हणलं. दगडाबाई. शाळेत, पाणवठ्यावर, सगळीकडे दगडा. कंधारहून लोह्याला नांदायला आले तेव्हा सासूनं ताटातल्या तांदळाकडे बघून म्हणलं, "हिला साखरा म्हणा." मी हसत हसत रडले होते. सासू माझी लई कडक होती, तिनं मला दुसरं काही दिलं असेल तर मला आठवत नाही. पण ते नाव दिलं. म्हणून मला वाटत आलं, सुनेला द्यायची सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे नवं नाव. मला दगडाच्या जागी मिळालं होतं. हिच्याकडे आधीच चांगलं होतं, ते मी विचारलंच नाही. उघड्याला लुगडं दिलं तर ते देणं होतं. नेसलेलीला दिलं तर आधी तिचं फेडावं लागतं.

हे मनात आलं आणि काखेत काहीतरी टोचलं. पिशवी! सगळे दाखले, डिग्र्या, आधार, सगळं घेऊन मी रागानं घरी आले होते. कचेरी बंद व्हायला तास राहिला होता, शुक्रवारची मुलाखत डोक्यावर. चप्पल कुठली पायात गेली बघितलं नाही. रस्त्यानं निम्म्या लोह्यानं विचारलं, "साखराबाई, काय झालं?" आणि मी कुणालाच काही सांगितलं नाही, ह्यावरूनच लोकांनी ओळखलं की काहीतरी भयंकर घडलंय.

ती खिडकीपाशीच उभी होती. रांग पुढं सरकून गेलेली, ही बाजूला. घरी आली नव्हती, रडत नव्हती, उभी होती. मी पिशवी खिडकीत ठेवली. कारकुनानं कागद बघितले, शिक्के मारले, आणि एक फॉर्म माझ्यापुढं सरकवला. पुनम आणि उज्वला ही एकच व्यक्ती असून मी तिला व्यक्तिशः ओळखते, असं त्यावर छापलं होतं. खाली ओळख देणाऱ्याची सही.

"ओळखता ना?" त्यानं विचारलं.

मी पेन हातात धरून राहिले. उज्वलाला ओळखत होते, सहा वर्षं. पुनमला काल बसमध्ये भेटले होते, लातूर ते अहमदपूर, आणि आज दुपारी ह्या खिडकीत. खोटी सही मी आजवर केलेली नाही.

"वळख झालीय," मी म्हणलं. "वाढंल पुढं." आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

बाहेर पायऱ्यांवर आलो तशी तिनं सुरू केलंच, "आत्या, चुकलं माझं, चारचौघांत असं बोलायला नको—"

मी तिथंच थांबले. खालच्या चहाच्या टपरीवरची माणसं वर बघायला लागली. बघू दे म्हणलं.

"चुकलं असतं तर मी सही केली असती का? आता नीट ऐक. तू पुनम हायस, हे मला पटलं. पण माझ्या तोंडाला पटायला वेळ लागंल, त्याला सहा वर्षांची सवय हाय. उद्या सकाळी उठल्या उठल्या मी उज्वला म्हणून हाक मारणार. ओ द्यायची न्हाई. मी तीनदा ओरडले तरी द्यायची न्हाई. चुलीवरचं दूध उतू चाललं असंल तर जाऊ दे. अन् माझी भीड वाटून एकदा जरी ओ दिलीस ना, पुनम, तर माझ्यासारखी वाईट सासू तुला अख्ख्या लोह्यात सापडायची न्हाई."